पहिल्या मालकाची सीट

इलेक्ट्रिक ट्रकचा विषय निघालाच आहे, तर आमच्या नासिरचं ऐका. त्याने वर्षभर वापरलेला महागडा पिकअप निम्म्या किमतीत घेतला. पहिला मालक चांगला उंचापुरा माणूस होता, तो वारला म्हणून घरच्यांनी विकला. मला दुबईहून रास अल खैमाला नेताना नासिर म्हणाला, "घसारा त्याने सोसला, मजा आपली."

वाटेत चहा प्यायला उतरलो. परत आलो तर रिकाम्या गाडीत ड्रायव्हरची सीट आपोआप मागे सरकत होती. मग आरसाही वर वळला.

"पहिल्या मालकाचं सीटचं सेटिंग राहिलं असेल," मी म्हणालो.

"मी स्वतः डिलीट केलंय."

नासिर गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसला.

"अरे, चालवणार कोण?"

"नुकसान त्याचं झालंय, हबीबी. थोडा वेळ बसू दे त्याला."