मिशीची कात्री

तुमी थ्रेडिंगचा विषय काढलात म्हणून सांगते, माझ्या हनुवटीला आजवर दोरा लागलेला न्हाई.

हनुवटीवर कोडाचा पांढरा डाग, आणि दोन्ही बाजूंना काळे केस. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दोरा नको, वॅक्स नको. ओढाओढीनं डाग वाढू शकतो. बारीक कात्रीनं कापत जा." तसली कात्री घरात एकच, पप्पांची, मिशीची. पप्पा फौजेतनं रिटायर झालेले सुभेदार. दर रविवारी मला खिडकीपाशी उभं करायचे. "सावधान! मान वर. विश्राम म्हणेपर्यंत हलायचं न्हाई!"

डागापायी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं येणार त्या दिवशी उजवी बाजू झाली आणि दारात जीप वाजली. पाहुणे तासभर आधीच हजर! पप्पा कात्रीसकट बाहेर पळाले. मी मान वर करून तशीच उभी. विश्राम कुठं म्हणाले होते?

तेवढ्यात हात धुवायला म्हणून मुलगाच आत आला. तोही फौजी, सुट्टीवर आलेला. त्यानं मला बघितलं, डागही बघितला.

तो हळूच म्हणाला, "विश्राम."

आणि बाहेर जाऊन पप्पांना सांगितलं, "साहेब, डावी बाजू राहिलीया."

पप्पा जाऊन चार वर्षं झाली. कात्री आता ह्यांच्याकडं असते. अजून पहिल्यांदा डावी बाजूच घेतात.