अप्पांचं पथ्य

हसायचं नाही हं, तरच सांगते. माझ्या सासऱ्यांचं, अप्पांचं, कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळलं आणि मी घाबरून वाचतच सुटले. भूमध्य समुद्राकाठचे म्हातारे ऑलिव्हचं तेल, काबुली चणे, भाज्या, अक्रोड खातात आणि त्यांचं हृदय ठणठणीत राहतं म्हणे. झालं! अड्यारच्या आमच्या तमिळ घरात तेच सुरू. अप्पा बिचारे, "हे आपलं चण्यांचं सुंडलच की!" म्हणत चणे खायचे.

पण शेजारच्या मामी एक दिवसाआड चकलीसारखे मुरुक्कू नाहीतर म्हैसूरपाक पाठवायच्या. त्यांना नको कसं म्हणणार? अप्पांच्या दृष्टीस पडू नये म्हणून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मीच सगळं संपवायचे. वर लेकाच्या ताटात उरलेला तूपभात.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. अप्पा सुईला घाबरतात, म्हणून सोबतीला मीही रक्त दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं. माझं चढलं होतं!

डॉक्टर म्हणाल्या, "आता हे पथ्य तुम्हीच पाळा."

मी रडवेली झाले. अप्पांनी पाठीवर हात ठेवला.

"भिऊ नकोस गं. उद्यापासून मामींचा डबा मी सांभाळतो."