चिंगीच्या टी-शर्टवरची लाल अक्षरं

बरोबर सव्वाअकराला माझी चिंगी पाण्याच्या पार्कात हरवली गो. ह्यांच्या धाटावच्या कंपनीची सहल होती. जोहे गावात माझा धाकटा भाऊ गणपतीच्या मूर्ती रंगवतो. पार्कची जाहिरात बघून त्याने तशीच फुगीर, लाल अक्षरं तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर काढलेली. म्हणाला, "ताई, हजारात ओळखशील!"

गेटवर मी रडत तेच सांगितलं, "चार वर्षांची हाय, छातीवर तुमच्याच पार्कचं नाव, लालभडक." भोंग्यावर तसंच पुकारलं. तासभर सगळे लाल अक्षरं शोधत होते. मला नको नको ते दिसायला लागलं.

शेवटी चिंगी दिसली ती मोठ्या तलावाजवळच्या वॉचमनपाशी, रडून रडून दमलेली. अंगावरच्या टी-शर्टचं भिजून नुसतं गुलाबी फडकं झालेलं. भावाने गणपतीचाच रंग लावलेला, विसर्जनात विरघळतो तो!

वॉचमन म्हणाला, "ही कवापासून इथंच हाय, बाई. पण नाव कुठं हाय छातीवर?"

अजून गर्दीत मी तिचा हात सोडत नाही. भाऊ मात्र हसतो. आता गावातल्या सगळ्या पोरांचे टी-शर्ट रंगवायला घेतलेत त्याने. जोह्याकडे कुणी जाणार असाल तर त्यांच्या आयांना एवढं सांगा गो, टी-शर्ट आधी बादलीत बुडवून बघा.