नंबरकाकांची एकात दोन सायकल

…आणि वर विचारतात काय, तर "यात माझं चुकलं कुठे?" अहो नंबरकाका, चुकलं कुठे काय विचारता, चुकायचं राहिलं कुठे ते विचारा! तुम्हाला सांगतो, माणसानं सायकल घ्यावी. पन्नाशी दारात चपला काढत असेना का, पोट शर्टाच्या दोन पावलं पुढे चालत असेना का, खुशाल घ्यावी. पण सायकल घ्यायची म्हणजे कसं, दुकानात जायचं, घंटी वाजवायची, टायर अंगठ्यानं दाबायचा, काही कळलं नाही तरी 'हं' म्हणायचं आणि घरी घेऊन यायचं. हा गृहस्थ सायकलींचे डोळे तपासायला बसला!

आता तुम्ही म्हणाल, कोण हे नंबरकाका? तर कोपऱ्यावरचे चष्मेवाले. जन्मभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले म्हणून नंबरकाका. त्यांच्या दुकानात एक काळी खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाईक बसलं रे बसलं की त्याच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवायची, एक भिंग सरकवायचं, ते काढून दुसरं सरकवायचं आणि मध कालवलेल्या आवाजात विचारायचं, "आता बरं वाटतंय, की मघाशी बरं होतं?" गिऱ्हाईक म्हणतं, आता. की लगेच, "नक्की? बघा हं. आणि… आता?" झालं! माणूस आत येताना नुसता डोळ्यांनी अधू असतो, बाहेर जाताना मतानंही अधू होऊन जातो. एक आजोबा 'मघाशी'ला हो म्हणून गेले, ते घरी महिनाभर 'आता'च्या आठवणीनं हळहळत होते म्हणतात. खरंखोटं चष्मा जाणे.

आणि दुकानावर पाटी काय? 'दूरचं आणि जवळचं, एकाच चष्म्यात!' काका स्वतः तोच लावतात. वरच्या भागातून रस्ता बघायचा, खालच्या भागातून वर्तमानपत्र. जगात कुठल्याही दोन गोष्टी एकात बसवता येतात यावर या माणसाचा गाढ विश्वास.

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. पोरगी शनिवारी टेकडीवरच्या पायवाटेनं सायकल हाणणार, मुळं, दगड, खड्डे काही बघणार नाही. आणि रविवारी गावाबाहेरच्या बीएमएक्स ट्रॅकवर. म्हणजे मातीचे उंचवटे, एकामागून एक, उंटांची रांग झोपवून ठेवल्यासारखे, त्यांच्यावरून उड्या मारत जायचं. काका काठावर तिचं जाकीट धरून उभे. दर रविवारी. जाकीट धरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तर या भिंगरीला लागली परगावी नोकरी. हंगाम संपला की जायचं. आणि हंगामाच्या शेवटी असते जोडीची शर्यत, आधी टेकडी, मग ट्रॅक, दोन माणसं मिळून. भिंगरी एके दिवशी जेवता जेवता सहज म्हणाली, "या वर्षी मी आणि बाबा." झालं! काकांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी जो जो खुर्चीत बसला त्याला, नाकावर चौकट चढवलेली असताना, म्हणजे बिचाऱ्याला पळताही येत नाही अशा अवस्थेत, ही बातमी ऐकावी लागली. लेक जायच्या आधी बापानं एकदा जाकीट खाली ठेवून तिच्याबरोबर धुळीत उतरायचं, एवढंच होतं त्यात. पण एवढंच म्हणजे त्यांना सगळंच होतं हो.

आता सायकल नको का? आणि इथे काकूंनी मेख मारली. घराच्या बोळात भिंतीला एक आकडा, त्यावर भिंगरीची सायकल टांगलेली. काकूंनी शेजारी आणखी एक आकडा ठोकून घेतला आणि सांगितलं, "दुसरी सायकल आली तर इथे लागेल. तिसरी आली तर ती आकड्यावर आणि तुम्ही दाराबाहेर."

म्हणजे टेकडीला एक आणि ट्रॅकला एक असं चालणार नाही. एकात दोन हवी. काकांचे डोळे लकाकले! हा तर त्यांचा धंदाच!

काका गेले सायकलच्या दुकानात. लेकीला बरोबर घेऊन. सायकलवाला बापडा भला माणूस, हातातलं ग्रीस पुसत म्हणाला, "काका, दोन्हीकडे चालवायची तर हार्डटेल घ्या. पुढच्या चाकाला शॉकअप, मागे काही नाही, मागचं अंग ताठ. लहान दणकट फ्रेम, शॉकअप बेताचा. टेकडीवर थोडी आदळेल, ट्रॅकवर थोडी जड वाटेल, पण दोन्ही निभावेल."

एखाद्यानं पैसे मोजून सायकल उचलली असती. काका म्हणाले, "थोडी म्हणजे किती थोडी? आदळणार जास्त, की जड जास्त?"

अहो, काय सांगायचं त्याला? काकांच्या धंद्यात 'थोडं धूसर' चालत नाही ना! मग सुरू झाली तपासणी. काका एका सायकलीवर बसले, डोळे मिटले, उतरले, दुसरीवर बसले, डोळे मिटले. "मघाशी जरा बरं होतं, नाही? परत द्या मघाची. हं… आता नाही तितकं वाटत. शॉकअप मऊ करून बघू. कडक करा. मघाइतका मऊ नको, आताइतका कडक नको." टेकडीसाठी टायर काट्यांचे हवेत, ट्रॅकसाठी जवळजवळ गुळगुळीत, मग एक काट्याचा आणि एक गुळगुळीत लावला तर? मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, लहान चाक उंचवट्यावर चपळ, मग पुढे मोठं आणि मागे लहान लावलं तर? सायकलवाल्यानं तेही लावून दाखवलं हो! काका त्यावर बसले तर घसरगुंडीवर उलटे बसल्यासारखे दिसायला लागले. आणि त्या अवस्थेत लेकीला विचारतात, "भिंगरे, आता बरं वाटतंय, की मघाशी बरं होतं?"

भिंगरी म्हणायची, "बाबा, अरे ऐक तरी, त्या शर्यतीत ना—" की काका, "थांब, थांब, सीट जरा खाली घेऊन बघू." दुसऱ्या शनिवारी पुन्हा, "बाबा, शर्यतीचं असं आहे की—" "एक मिनिट गं, हा ब्रेक बघ!" पुढेपुढे पोरीनं सांगायचंच सोडलं. आल्याचा चहा नाही, बिस्कीट नाही, नुसती एका उलट्या बादलीवर बसून बापाकडे बघत राहायची आणि हसायची.

आणि शनिवार काय, येतात तसे जातात. आठवड्यामागून आठवडे! सायकलवाल्याची अवस्था काय झाली असेल? एकदा त्याच्या बायकोनं भाजीत मीठ बरं आहे का विचारलं, तर हा चमचा हातात धरून म्हणाला, "मघाच्या घासाला बरं होतं." आख्ख्या रस्त्याला लागण झाली हो! न्हाव्याच्या खुर्चीत माणसं अर्धी दाढी करून विचार करायला लागली.

आणि मग आला शर्यतीत नाव पक्कं करायचा शेवटचा शनिवार. काका दुकानात गेले आणि दोन सायकलींच्या मधे उभे राहिले. हीही बरी, तीही बरी. उजवीकडची बघावी तर डावीकडची हाक मारते. शेवटी सायकलवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, त्याच्या खालून वाकून काका बाहेर पडले ते रिकाम्या हातानं.

घरी आले आणि बोळात चपलांच्या स्टुलावर बसून राहिले. भिंगरी आली. काका खाली बघत म्हणाले, "भिंगरे, या खेपेला तुझ्या मैत्रिणीला घे जोडीला. माझं काही… नक्की होत नाहीये." आयुष्यात पहिल्यांदा माणसानं नंबर न काढता चौकट खाली ठेवली, बघा.

भिंगरी त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. "बाबा, जोडीला सायकल एकच असते."

"म्हणजे?"

"एकानं टेकडी उतरायची. खाली फाटकाशी सायकल दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसऱ्यानं ट्रॅक मारायचा. एकाच सायकलवर. तीच तर गंमत आहे."

"पण ती… दोन्हीकडे चालणारी सायकल आणायची कुठून?"

भिंगरीनं नुसतं बोट वर केलं.

काकांनी वर बघितलं. डोक्यावर आकड्याला तिची हार्डटेल. लहान दणकट फ्रेम, पुढे बेताचा शॉकअप, मागे ताठ. शनिवारी टेकडीची माती, रविवारी ट्रॅकची धूळ, दोन्ही तिच्या अंगावर! काखेत कळसा म्हणतात ना, इथे कळसा टाळूवर टांगलेला. दर शनिवारी त्याच हँडलला डोकं आपटून काका दुसरी सायकल शोधायला बाहेर पडत होते. आणि दिसली कशी नाही? अहो, दिसणार कशी! चष्म्याचा वरचा भाग दूरचं बघायचा, सायकल जवळ आणि तीही वर. इतके महिने ती त्यांना धूसरच दिसत होती! आता नीट बघायला त्यांना मान इतकी मागे टाकावी लागली की टक्कल भिंतीला टेकलं.

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

आतून काकूंचा आवाज आला, "तिनं सांगितलं हो. तुम्ही ब्रेक बघत होता."

आणि भिंगरी हळूच म्हणाली, "नंतर मीच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर दर शनिवारी आला असतास का माझ्याबरोबर?"

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. बराच वेळ पुसला. इतका काही मळलेला नव्हता.

तर शर्यत! काकांनी टेकडी घ्यायची आणि भिंगरीनं ट्रॅक, हे भिंगरीनंच ठरवलं, काकांना विचारलं असतं तर हंगाम उलटला असता. सीट काकांच्या मापानं वर केली, डोक्यावर हेल्मेट, नाकावर तो एकात दोन चष्मा, आणि शिट्टी वाजली.

आता तुम्हाला सांगतो, हा माणूस वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलाय, की हा चष्मा लावून जिना उतरताना जपा, खालच्या भागातून पायाखालचं धूसर दिसतं, हनुवटी छातीला लावा आणि मग उतरा. आणि स्वतः टेकडी उतरायला निघाला तोच लावून! समोर बघावं तर चाकाखालचं मूळ विरघळलेलं. हनुवटी छातीला लावून मूळ बघावं तर समोरची फांदी कपाळावर. मूळ, फांदी, मूळ, फांदी! आख्खी टेकडी काका मान खालीवर, खालीवर करत उतरले. वाटेच्या दोन्ही बाजूंना बघायला उभी असलेली माणसं गहिवरली, म्हणाली, काय हा नम्रपणा, शर्यतीत असूनही प्रत्येकाला मान लववून जातोय! तीही मान लववायला लागली. त्या दिवशी टेकडीवर जेवढ्या माना हलल्या तेवढी झाडंसुद्धा हलली नाहीत.

शेवटच्या वळणावर काकांनी वैतागून चष्मा खिशात कोंबला आणि अंदाजानं फाटक गाठलं. समोर भिंगरीसारखं लाल हेल्मेट दिसलं, तिच्या हातात सायकल दिली, "जा, भिंगरे!" ती भिंगरी म्हणजे शर्यतीचे पंच. त्यांना मिशा होत्या.

"बाबा, इकडे!"

भिंगरीनं सायकल हिसकावली, सीट खाली दाबली आणि अशी सुटली म्हणता… पहिला उंचवटा, दुसरा, तिसरा! तीच सायकल हो, जी काकांच्या बुडाखाली बैलगाडीसारखी खडखडत होती, ती आता हवेत. काकांनी खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला. लांबचं बघायचं होतं ना, तेवढ्यापुरता तो अगदी स्वच्छ होता.

नंबर काय आला विचारू नका, नंबर काढणाऱ्याला नंबर विचारू नये. त्यांच्या मागे एकच जोडी होती आणि तिची साखळी तुटली होती. भिंगरी धापा टाकत आली, कोपरापर्यंत धूळ, बापाच्या कपाळावरचा फांदीचा ओरखडा बघितला, आणि विचारलं, "बाबा, आता बरं वाटतंय, की मघाशी बरं होतं?"

आणि तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला 'नक्की?' विचारलं, त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "आता."

भिंगरी गेली परगावी. सायकल इथेच ठेवून गेली, आल्यावर लागेल म्हणून. शनिवारी टेकडी, रविवारी ट्रॅक, काका एकटे चालवतात, आणि खरोखरच टेकडीवर थोडी आदळते, ट्रॅकवर थोडी जड वाटते, पण दोन्ही निभावते. सायकलवाला अगदी तेच म्हणाला होता, पण ते जाऊ दे. दुकानावरची पाटीही आहे तशीच आहे. फक्त काकूंनी ठोकून घेतलेला तो दुसरा आकडा? त्यावर आता चष्मा लटकतो, नुसता लांबचा, सायकलवर घालायचा. म्हणजे हिशेब बघा, दोन कामांना सायकल एक पुरली, चष्मे मात्र दोन लागले! आणि दर शनिवारी सकाळी, सायकल खाली काढून, दोन हातांत दोन चष्मे घेऊन काका बोळात उभे. एक लावतात, काढतात, दुसरा लावतात. काकू आतून न बघताच ओरडतात, "मघाचा बरा होता!"

आणि काका म्हणतात, "नक्की?"