हुमणीचा डबा

सन्माननीय अध्यक्ष वनाधिकारी स्टाशेव्स्कीसाहेब, व्यासपीठावर बसून ताटांकडे डोळे लावलेले पाहुणे, सत्कारमूर्ती, नुकतेच निवृत्त झालेले आपले रोपवाटिकाप्रमुख झेनॉनदादा, आणि खड्डे खणून कंबर मोडलेल्या माझ्या बायांनो,

मी बोगुमिला. ताटातलं कोबी-मटणाचं बिगोस गार व्हायच्या आत आटपते.

दर सप्टेंबरला आपण शेतात खड्डे खणतो, माती चिवडतो आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या मोजतो. जास्त निघाल्या तर तिथं पेरणी नाही. पण एका वर्षी खड्डे असे स्वच्छ निघाले, की साहेबांनी टाळ्या वाजवल्या! वसंतात ओक पेरले. उन्हाळ्यात रोपं पिवळी पडली. मी एक धरलं, तर अलगद हातातच आलं. खाली मुळंच नाहीत!

साहेब म्हणाले, "ही जमीनच भरवशाची नाही. रोपवाटिका बंद!" या जंगलात दुसरं काम कोण देणार होतं?

मग खड्ड्यांतली हुमणी गेली होती कुठं? झेनॉनदादांच्या खिशातल्या डब्यात! गुबगुबीत अळी दिसली रे दिसली, की उचलली. गळाला लावली, की नदीतला मासा तिच्यावर जीव टाकतो ना! आम्ही मोजायला पोचेपर्यंत खड्ड्यात उरायच्या त्या चार मरतुकड्या, आणि बाकीच्या शेतात मात्र हुमणी तशीच.

दादा गप्प बसले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा माणूस टोपी हातात घेऊन कचेरीत गेला. मी तिथंच फरशी पुसत होते.

"साहेब, जमिनीचा दोष नाही, माझा आहे. तिथं वर्षभर कुट्टूचं धान्य पेरू, त्यात हुमणी टिकत नाही. मला काढा, पण रोपवाटिका राहू द्या."

साहेब लालबुंद. "अरे, एवढे मासे खाल्ले तरी कुणी?"

"तुमच्या नामदिनाच्या मेजवानीला तुम्ही दोनदा मागून घेतलात, साहेब."

हसा, साहेब, आता हसायला हरकत नाही! तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेरा कुट्टू." वर्षभर आम्ही त्याचीच लापशी गिळली. पुढचे ओक मात्र ताठ उभे राहिले.

दादा, काल तुमच्याविना पहिल्यांदा खड्डे खणले. आधी मोजणी केली, मग साहेबांनी स्वतः वेचून हा डबा भरला. घ्या, सगळ्या जिवंत आहेत.

तुमच्यामुळं आमचं काम जाणार होतं, आणि तुमच्यामुळंच ते राहिलं. तुमच्याविना करमणार नाही हो, मेल्या अळीचोरा!

सर्वांचे आभार. तोंडाला लगाम नाही माझ्या, सांभाळून घ्या. आणि दादा, रविवारचा मासा या वेळी आम्हाला वाढा.