रशियानं फिरवलेलं गाव

...आणि वर मलाच विचारतात, "लेलंड, पुरावा काय?" पुरावा! तुम्हाला सांगतो, आमच्या विस्कॉन्सिनच्या एवढ्याशा गावात आमचा पक्ष तीस वर्षांत पहिल्यांदा हरला, तोही एकोणीस मतांनी, ते काय आपोआप? रशियानं केलं! खोटी खाती, खोटी चित्रं, रोज पेपरात येतंय, मी काय स्वप्नात बघतोय?

परवा शुक्रवारी क्लबात सगळे तळलेले मासे खायला जमले, हल्ली दोन पक्षांची दोन टेबलं असतात, एकमेकांना मीठसुद्धा देत नाहीत, मी उभा राहिलो आणि पलीकडच्या टेबलाला खणखणीत सांगितलं, "तुमचे कान मॉस्कोतून कुणीतरी भरलेत!" तर त्यांच्यातला तो आर्विड, कागद गिरणीत सव्वीस वर्षं माझ्या शेजारी राबलेला, मिशी पुसत काय म्हणतो, "का रे, गिरणीला टाळं रशियानं ठोकलं?" मी म्हटलं, विषय बदलू नकोस! तर म्हणतो, "बरं, तुमच्या पक्षासाठी बर्च रस्त्यावर घरोघरी जाऊन मतं मागायचं काम कुणाकडे होतं?"

आता... होतं माझ्याकडे. पण एका रविवारी फुटबॉलची मॅच, दुसऱ्या रविवारी गुडघा, आणि बर्च रस्ता म्हणजे आपलीच माणसं, तिथं कशाला जायचं?

"अठ्ठावीस घरं, लेलंड! एकाचीही बेल वाजली नाही. रशियन निदान फेसबुकवर तरी आला!"

हशा! दोन्ही टेबलांवर!

तरी मी म्हणतो, रशियानं केलं! गाडीत बायकोला म्हटलं, "मार्लिस, तू तरी सांग त्यांना." घरी पोचलो. स्वयंपाकघरात कोट काढता काढता म्हणते, "मीही त्यांनाच मत दिलं."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार हो! मी म्हटलं, "अगं, फेसबुकवर असं पाहिलंस तरी काय?"

"फेसबुकवर कुठलं? तुझ्याकडे पाहिलं. मत कुणाला द्यायचं म्हणून सहा महिने विचारत होते, तू म्हणायचास, 'त्यात विचारायचं काय?' त्यांच्या पक्षाची मतं मागायला आलेल्या पोरीनं दारात उभं राहून अर्धा तास माझं ऐकून घेतलं."

राग आला? आला. पण खरं सांगू... त्याहून जास्त भीती वाटली. म्हटलं, "मग आता?"

"आता बस, आणि ऐक."

पावणेदोन तास बोलली! गिरणी, तिच्या बहिणीची औषधं, गाव सोडून गेलेली आमची दोन्ही मुलं... अहो, निम्मं मला पटलं, आणि त्यात एकाही रशियन माणसाचं नाव नाही!

वॉशिंग्टनात चौकशी बसलीय म्हणतात. बसू दे. माझी आमच्या स्वयंपाकघरात बसलीय... रोज, जेवणानंतर!