स्पीकर गेला त्या वाटेनं

मंडळी, आरतीला वेळ आहे, तोवर ऐका! एक साधा प्रश्न टाकतो. उत्तराची घाई नको, आणि शेजाऱ्याचं बघून कॉपी तर मुळीच नको! देवळात कोण कोण आलं, ते आपण बघतो. अमक्याची सून कुठली साडी नेसून आली, तमक्याचा जावई पहिल्या रांगेत कसा घुसला — सगळं बघतो! पण कोण आलं नाही, ते कोण बघतं? आं? — मागून कोणीतरी म्हणालं, ‘देव बघतो.’ वा रे वा! म्हणजे तेही काम देवावरच ढकललंत!

तर कोकणात एक गाव. खाडीकाठी मशीद, वळणावर इवलंसं चर्च, आणि देवी? ती डोंगरावर! का? हवा चांगली म्हणून! पायऱ्या इतक्या, की मोजायला गेलेला माणूस दमून आकडाच विसरतो.

त्या गावात राहायची सगुणाबाय. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय नेले. जीभ मात्र ठेवली! अशी ठेवली, की धडधाकट माणसंसुद्धा तिच्या दारावरून जाताना पाय उचलायची! पडवीत हातमशीनवर ब्लाउज शिवायची, हातानं फिरवायच्या तीनचाकीवरून गावभर हिंडायची. बाजार, बँक, पोस्ट — सगळीकडे. एक देऊळ सोडून.

एकदा तिचा धाकटा भाऊ, दामू, होडी घेऊन गेला आणि वादळात अडकला. फोन नाही, बातमी नाही. डोंगराकडे बघून सगुणाबायनं हात जोडले, ‘आई, माझ्या दामूला किनाऱ्याला लाव. मी तुझ्या दारात येईन, माझ्या हातानं तुझी ओटी भरीन.’

आणि दामू आला! भिजलेला, उपाशी — पण आला! आता नवस फेडायला हवा. सगुणाबाय गेली आबा खोतांकडे. आबा म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष. देवीच्या पायऱ्या संपतात तिथं यांची हापूसची बाग सुरू होते, असे अध्यक्ष!

‘अगं, शिमग्याला पालखी तुझ्या अंगणात येतेच की,’ आबा म्हणाले. ‘तिथं भर ओटी. देवी तीच, नारळ तोच!’

‘आबा, ती दरवर्षी माझ्या घरी येते. मी एकदा तरी तिच्या घरी जायला नको? ही कुठली रीत?’

‘मग पोरं नेतील की उचलून!’

‘नेली होती ना एकदा! एकानं बगलेत धरलं, एकानं पाय धरले. लुगडं कुठं, पदर कुठं! लाजेनं मी डोळे उघडलेच नाहीत. देवी बघितलीच नाही मी, आबा.’ पण एवढ्यावर थांबेल तर सगुणाबाय कसली! ‘आणि काय हो, देवीला तरी कुठं चढता येतात पायऱ्या? तिलाही उचलूनच नेता! पण तिला उचलताना चपला काढता. मला उचललंत तेव्हा फोटो काढलेत!’

हसा, हसा. आबाही हसले. हसले आणि म्हणाले, ‘बघू.’ मंडळी, कमिटीचा ‘बघू’ तुम्हाला ठाऊक आहे. ‘बघू’ म्हटलं की डोळे मिटले!

आला शिमगा! ढोल वाजले, पालखी डोंगर उतरून सहाणेवर टेकली. सहाण म्हणजे गावातला पालखी विसावण्याचा चौथरा. सारा गाव गोळा! मांडव, दिवे, स्पीकर — सगळं इस्माईलचं. सगुणाबाय नवं लुगडं नेसून, मांडीवर खण-नारळ घेऊन तीनचाकीवर हजर. आजही वर जायला मिळणार नव्हतंच, हे तिला कळून चुकलं होतं. पण नारळ तिनं घट्ट धरला होता.

धाकू गुरव पुढं झाला. आता देवीला गाऱ्हाणं घालायचं! गुरव एकेक मागणं बोलणार, गावानं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आणि गाव कसला तयार! ऐकायच्या आधीच ‘व्हय’!

‘आई म्हाराजा! सगळी रयत जमली हाय म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आंब्याला मोहर धरू दे, होडीला मासळी मिळू दे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

आबांनी धाकूच्या कानात काहीतरी सांगितलं. धाकू म्हणाला, ‘सगुणा पायानं अधू, तुझ्या दारात येऊ शकत नाय. तिची चूक पोटात घाल म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘थांबा!’ — सगुणाबाय कडाडली! ढोलवाल्याची टिपरी हातातच राहिली. ‘धाकूदादा, कोणाची चूक? मी तर केव्हाची निघायला तयार आहे! देवीपुढं खोटं गाऱ्हाणं नको. खरं काय ते घाला. म्हणा, सगुणा वर आली नाय तरी आमचं काय अडत नाय म्हाराजा!’

धाकूनं आबांकडे बघितलं. आबांनी आभाळाकडे बघितलं! पण धाकू सरळ माणूस. त्यानं हात जोडले, घसा खाकरला आणि घातलं गाऱ्हाणं, ‘आई म्हाराजा! सगुणा तुझ्या दारात आली नाय, तरी आमच्या गावाचं काय अडत नाय म्हाराजा!’

आणि मंडळी — गाव गप्प!

एका म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीनं ‘व्ह—’ निघालं. बायकोनं असं कोपर मारलं, की उरलेलं ‘य’ पोटातच राहिलं! कोणी खाली बघतंय, कोणी नखं बघतंय. इतकी वर्षं हेच तर चाललं होतं! पण देवीच्या तोंडावर तसं म्हणायचं? कोणाचीही जीभ उचलेना.

तेवढ्यात इस्माईल पुढं आला. ‘आबा, लहान तोंडी मोठा घास घेतो. उत्सवाला माझा टेम्पो वर जातोच की दरवर्षी! जनरेटर जातो, स्पीकर जातो, तुमच्या भाषणाचा माइक जातो. तुमच्या बागेतून, मागच्या फाटकानं.’

झालं! सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! स्पीकरला वाट होती, सगुणाबायला नव्हती!

‘अरे, पण बाग मोहरलीय,’ आबा पुटपुटले. ‘माणसं आत शिरली, की उद्या कैऱ्या—’

‘परत येताना झडती घ्या माझी!’ सगुणाबाय म्हणाली.

सहाण खदखदून हसली. आबा मात्र हसले नाहीत. पालखीपुढं आले, कमरेची चावी काढून देवीपुढं ठेवली, आणि हळू म्हणाले, ‘आई, चूक माझी हाय. पोटात घाल म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’ — अशी आरोळी उठली, की बागेतला मोहर गळला असेल!

त्या दिवशी पालखीच बागेच्या वाटेनं निघाली, आणि शेजारी तीनचाकी. दांडा सगुणाबायच फिरवत होती. चढ आला तेव्हा म्हणाली, ‘दामू, जरा हात लाव रे.’ तिनं मागितला, तेव्हा त्यानं हात लावला. मागच्या दाराच्या उंबऱ्याला इस्माईलनं मांडवाची फळी टाकली. सगुणाबाय आत गेली, आपल्या हातानं ओटी भरली. ‘दरवर्षी तू यायचीस,’ ती म्हणाली. ‘आज मी आले गं.’ आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून वर बघितलं — ‘अगो बाई! केवढी ही जळमटं! धाकूदादा, झाडू कुठाय?’

इस्माईल घरी गेला, तर वडील एकटेच नमाज पढत बसलेले. गाव त्यांना चाचा म्हणतं. त्यांना दिसत नाही. मशिदीच्या दारातल्या चपलांच्या ढिगावर एकदा आपटले, तेव्हापासून गेलेच नव्हते. त्याच आठवड्यात चपला कडेच्या फळीवर गेल्या, आणि शुक्रवारी चाचा काठी टेकत स्वतः आत! चर्चमध्ये फिलोमिना बसायची शेवटच्या बाकावर. तिला ऐकू येत नाही. आता पाद्रीबाबा प्रवचन आधीच लिहून तिच्या हातात देतात. पंचाईत एवढीच, की विनोद यायच्या आधीच ती हसते!

तर मंडळी, आता तुमची पाळी. हात जोडा. मी गाऱ्हाणं घालतो, तुम्ही साथ द्या. आमच्या आळीत जे घरीच राहिले, ते या मांडवात आले नाहीत तरी आमचं काही अडत नाही, म्हाराजा!

…का? गप्प का? आत्तापर्यंत तर टाळ्या पिटत होतात!

आरती थोडी थांबेल. उठा, आपापल्या आळीत जाऊन या. उचलून आणू नका कोणाला. विचारा, ‘कसं यायला सोयीचं पडेल?’ आणि या मांडवाला पायऱ्या आहेत, ही सबब मला सांगू नका. हा जनरेटर मागं धडधडतोय ना? तो आला त्या वाटेचं फाटक आधी उघडा!